उजनीचं हिरवं पाणी उकळून पिऊ नका

करमाळ्याच्या आत्याने एक मेसेज पाठवलाय, खाली विचारलंय, ‘खरंय का रे?’ मेसेज म्हणतो: उजनी धरणाचं हिरवं पाणी म्हणजे नैसर्गिक शेवाळ, स्पिरुलिनाचाच (पोषक म्हणून खातात त्या शेवाळाचाच) प्रकार, तुरटी फिरवून, उकळून बिनधास्त प्या, पावसाळ्यात सगळं धुऊन जातं.

आत्या, आधी उकळण्याचं बघू, कारण तेच जिवावर बेतू शकतं. उकळल्याने जंतू मरतात, कबूल. पण उन्हाळ्यात फुगवट्याच्या काठाला वाऱ्याने जी ऑइलपेंटसारखी दाट हिरवी साय येऊन लागते, तिच्यात मायक्रोसिस्टिससारखं नीलहरित शेवाळ असू शकतं. त्याचं विष, मायक्रोसिस्टिन, यकृतावर घाव घालतं आणि उकळून नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं, अन् पाणी आटलं की आणखी दाट होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एरी सरोवरातून हेच विष नळाला आलं, तेव्हा सुमारे ४ लाख लोकांना बजावलं होतं: पिऊ नका आणि उकळूही नका. जागतिक आरोग्य संघटनेची रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम. एवढंसं विष डोळ्यांना काय दिसणार?

तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेलं विष नाही.

स्पिरुलिना त्याच कुळातलं आहे, हे मान्य करावं लागतं. पण ते निवडून, स्वच्छ हौदात वाढवतात, तपासून विकतात. धरणात काय उगवलंय हे कोणी निवडलं?

आणि ‘नैसर्गिक’? पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. मैला आणि साबणातलं फॉस्फरस हे शेवाळाचं खत. आपल्या उसाला टाकलेल्या खताचाही त्यात वाटा आहे, हे आपल्याकडे कुणाला ऐकायला आवडत नाही.

पावसाने पाणी पातळ होतं, तेवढं खरं. पण पाऊस शेतातलं खतही घेऊन येतो, आणि गाळात बसलेलं फॉस्फरस तळाचा प्राणवायू संपला की पुन्हा वर सुटतं. म्हणून दर उन्हाळ्यात तेच.

तेव्हा पाणी हिरवं असेपर्यंत काठावरून भरू नकोस, म्हशींनाही तिथं सोडू नकोस. अशा पाण्याने जनावरं दगावतात. आणि हे त्याच ग्रुपवर टाक, जिथून तो मेसेज आला.