श्रीलंकेकडे बोट दाखवून शेतीशाळा मोडू नका

उसाची तोड सुरू झाली की रानारानांतून पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचा, धूर निघतो. यंदा त्या धुराबरोबर एक मेसेजही फिरतोय. आमच्या भागातल्या चार ग्रुपवर तरी मी तो वाचला. मजकूर थोडक्यात असा : ‘नैसर्गिक शेतीच्या नादी लागून श्रीलंका बुडाली. आपल्या बापजाद्यांना शेती कुणी शिकवली होती? शेतीशाळा म्हणजे चहा-बिस्किटं आणि फोटो. खोल नांगरट केल्याशिवाय आणि पाचट पेटवल्याशिवाय पीक येत नाही. ज्याची जमीन त्याचा निर्णय, गावानं त्यात पडू नये.’ शेतीशाळा म्हणजे शेतकऱ्यांनी रानातच जमून एकत्र शिकायचा वर्ग. मेसेज पाठवणारी माणसं आमचीच आहेत आणि त्यांची भीती खरी आहे. म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी श्रीलंका. गोटाबाया राजपक्षे यांनी 2019 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे वळण्याचं आश्वासन दिलं होतं. प्रत्यक्षात 2021 च्या एप्रिल-मेमध्ये रासायनिक खतं आणि औषधांची आयात एका फटक्यात बंद केली. परकीय चलन वाचवणं हाही त्यामागचा हेतू होता. शेतकऱ्यांकडे पुरेसं सेंद्रिय खत नव्हतं आणि शिकायला वेळही नव्हता. भात घटला, चहाला फटका बसला, नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली. पुढे 2022 च्या एप्रिलमध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबले, त्यामागे कर्जाचा डोंगर, 2019 मधली करकपात आणि कोविडनं बसलेलं पर्यटन ही मोठी कारणं होती. खतबंदीनं भर घातली. तो निर्णय चुकलाच. पण त्यात शेतीशाळा कुठं होती? शिकवायचं सोडून हुकूम काढला, हीच तर चूक झाली. आंध्र प्रदेशात 2016 पासून सरकारनं नैसर्गिक शेतीसाठी उलटी वाट धरली : महिलांच्या बचतगटांमार्फत काम, आणि ज्यानं आधी स्वतःच्या रानात करून पाहिलं तोच शेजाऱ्याला दाखवतो. तिथं खताच्या पिशवीवर कुणी बंदी घातलेली नाही.

आता बापजाद्यांचं. त्यांना शेती शिकवली होती, आणि ती गावानंच शिकवली. पैऱ्याच्या, म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या, बैलांमागं चालताना, सावडीनं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात, भांगलताना, दुसऱ्याच्या रानात उभं राहून पोरगं शिकायचं. पैरा मोडला आणि ती शाळाही मोडली. आज सल्ला कुणाचा घेतो आपण? ज्याला औषधाची बाटली विकायची आहे त्याचा. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधांची सरमिसळ आणि अंगावर संरक्षक कपडे नसणं ही कारणं तेव्हा पुढं आली. या गोष्टी बांधावर बसून शिकण्याच्याच आहेत.

शेतीशाळेची पद्धतही अशाच संकटातून आली. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं. फवारणी वाढली तसे तुडतुडेही वाढले, कारण औषधानं त्यांना खाणारे कोळी आधी मरत होते. 1986 मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला त्याच रानात जायचं, झाडावरचे शत्रू किडे आणि मित्र किडे मोजायचे, मोठ्या कागदावर चित्र काढायचं आणि मग फवारायचं की नाही ते सगळ्यांनी ठरवायचं. चहा-बिस्किटांच्या शाळा मीही पाहिल्यात : फलक लावला, फोटो काढला, माणसं घरी. त्यांच्यावरचा राग योग्य आहे. पण वर्गात मास्तर येत नाही म्हणून कुणी शाळेची इमारत पाडत नाही.

पाचटाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ते मी हातात धरून पाहिलंय. आमच्या शेतकरी गटात एका बैठकीला दोन रानांतली वाळलेली ढेकळं आणली होती. एक दरवर्षी पेटवलेल्या रानातलं, दुसरं पाच वर्षं पाचट ठेवलेल्या खोडव्यातलं (खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुंध्यांतून पुन्हा फुटणारा ऊस). काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन ती अलगद सोडली. पहिलं फसफसलं आणि आमच्या डोळ्यांदेखत विरघळलं, पाणी गढूळ झालं. दुसरं चहा पिऊन झाला तरी तसंच, आत बारीक मुळ्यांची जाळी धरून. पहिला पाऊस आपल्या रानात काय करतो हे त्या दिवशी कळलं. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे 40-50 किलो. युरियाच्या दोन पिशव्यांइतकं. पेटवलं की पालाश राखेत बराचसा उरतो, पण नत्र आणि कर्ब धुरातून जातात. पाचट कुजताना सुरुवातीला थोडा युरिया आणि जिवाणू टाकावे लागतात, हेही खरं. तेवढंच न सांगितल्यानं अनेकांचा पहिला खोडवा पिवळा पडला आणि त्यांनी नाद सोडला.

नांगरटीबद्दल एकच दाखला. नेरळजवळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताच्या आपल्या सगुणा तंत्रात गादीवाफे एकदाच केले. त्यानंतर नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजतात. तिथं तणनाशकही वापरतात, म्हणजे जमीन सुधारणं आणि रसायन शून्य करणं हे एकच नव्हे. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी हीच गल्लत केली आहे.

उरला ‘ज्याची जमीन त्याचा निर्णय’. पाण्याला बांध दिसत नाही. हिवरे बाजारनं ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवलं, शेतीसाठी बोअर बंद केले, आणि दुष्काळी गावाच्या विहिरींना पाणी आलं.

गेल्या साली शेजाऱ्याच्या रानातली आग बांध ओलांडून माझ्याकडं आली. राखलेलं पाचट आणि ठिबकच्या नळ्या दोन्ही गेलं. मी भांडलो नाही. यंदा गटानं भाड्यानं आणलेलं पाचट कुट्टीचं यंत्र आधी त्याच्या खोडव्यात नेलं. दहा गुंठ्यांतलं पाचट ठेवायला तो तयार झालाय. बाकीचं पेटवणार म्हणतो, पण त्याआधी मला फोन करणार आहे.