बॅटरी बदलली, सेल लागतो, पण गाडी चालू होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

"वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट बोलतो" असं तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंत, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही. बॅटरी बदलल्यावर गाडी चालू झाली नाही तर घरच्या घरी काय तपासावं, या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. तुमच्या गाडीची बॅटरी सोसायटीच्या पार्किंगमध्येच बदलली. त्यानंतर सेल मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण गाडी चालू होईना. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली, तिथे 'की प्रोग्रॅमिंग' (गाडीत चावीची नोंद करणं) झालं आणि गाडी चालू झाली. त्यावरून तुमचा निष्कर्ष : बॅटरी काढली की ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) प्रोग्रॅम उडतो, इमोबिलायझर (अनोळखी चावीने इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) चावी विसरतो आणि मी लोकांना टर्मिनल, फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) बघायला लावून त्यांचा रविवार फुकट घालवतोय. वर तुमचा सल्ला : बॅटरी परत काढा, पंधरा मिनिटांनी लावा, नाहीच जमलं तर सरळ शोरूम.

शोरूमचं अर्धं मान्य आहे. चावी विसरण्याचं मान्य नाही. आणि बॅटरी परत काढण्याचा सल्ला कुणी पाळू नये असंच मला वाटतं.

आधी चावी. चावीच्या प्लॅस्टिकमधल्या इमोबिलायझर चिपला स्वतःचा बटणसेल लागत नाही. इग्निशन लॉकभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्याच्या लहरींवर चिप जागी होते, आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच ईसीयू इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी मिळू देतो. (रिमोटचा बटणसेल संपला तरी दार चावीने उघडून गाडी चालू करता येते, ती यामुळेच.) कोणत्या चाव्या आपल्या, ही नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत असते. ईसीयूचा मूळ प्रोग्रॅमही तसाच. पटत नसेल तर जुना ईसीयू विकत घेतलेल्या कुणालाही विचारा. भंगारातल्या गाडीतून काढलेला ईसीयू महिनोन्महिने फडताळावर बॅटरीशिवाय पडून असतो, आणि दुसऱ्या गाडीला लावला की पहिल्याच गाडीची चावी मागतो. बॅटरी काढल्याने तो चावी विसरत असता, तर या धंद्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी फुकटात मिटली असती.

बॅटरी काढल्यावर जातं ते वेगळं. घड्याळ जातं, रेडिओचे स्टेशन जातात, काही गाड्यांत काच एका झटक्यात वर जाणं बंद होतं. आणि ईसीयूने गाडी चालवता चालवता शिकलेले आकडे जातात : पेट्रोल किती कमी-जास्त सोडायचं, गाडी उभी असताना (आयडलिंगला) थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडा ठेवायचा वगैरे. इथे तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. थ्रॉटल बॉडीत काजळी साठलेली असेल तर ईसीयूने थ्रॉटल हळूहळू जास्त उघडायला शिकून घेतलेलं असतं. बॅटरी काढली की ते शिक्षण पुसलं जातं, थ्रॉटल कारखान्यातल्या आकड्यावर येतो आणि काजळीमुळे हवा कमी पडते. पण त्याची लक्षणं ओळखू येतात. गाडी एकदा पेट घेते आणि लगेच बंद पडते, किंवा ॲक्सिलरेटर जरा दाबून सेल मारला की चालू होते आणि पाय काढला की मरते. तुमची गाडी तर अजिबात पेट घेत नव्हती. तो मामला वेगळा.

मग बॅटरी बदलल्यावरच का झालं? कारण बॅटरी बदलताना तिथे माणसाचे हात गेले.

मूळ लेखात मी टर्मिनलवर इतकं लिहिलं ते याचसाठी. स्टार्टरला जाडजूड केबल लागते आणि ती बसलेली असली की इंजिन गरागरा फिरतं. ईसीयू, इंजेक्टर, पेट्रोल पंप यांचा पुरवठा मात्र अनेक गाड्यांत पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघणाऱ्या वेगळ्या बारीक वायरीतून किंवा टर्मिनलवरच बसवलेल्या फ्यूजच्या पेटीतून होतो. घाईत ती बारीक वायर क्लॅम्पखाली परत घ्यायची राहते. फ्यूजची पेटी पान्याने पिळली जाते आणि आतली पट्टी तडकते. निगेटिव्हकडची अर्थिंगची वायर तशीच लोंबत राहते. सेल जोरात लागतो म्हणून कुणाला टर्मिनलचा संशयही येत नाही, आणि इथेच माणसं फसतात.

दुसरा घोळ बॅटरीच्या मापाचा. ३८बी२०एल यासारख्या नावात शेवटचं एल किंवा आर हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते सांगतं, आणि एकाच मापाची बॅटरी बारीक खांबाची आणि जाड खांबाची अशी दोन्ही मिळते. जाड खांबाचा क्लॅम्प बारीक खांबावर बसवायचा म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा ठोकलेला तुम्हीही पाहिला असेल. तो पहिल्या दिवशी चालतो. नंतर हलतो, तापतो, आणि सेल मारताना व्होल्टेज असं पडतं की ईसीयू तेवढ्यापुरता झोपतो.

व्होल्टेजचे आकडे तुम्हाला 'पुस्तकी' वाटले. पण दोन-पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरवर ते दिसतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी शांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल मारताना ती साडेनऊच्या खाली जायला लागली तर स्टार्टर फिरेल, बाकीच्यांची खात्री नाही. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी असंही नव्हे, दुकानात पडून राहिलेली बॅटरीसुद्धा उतरते. आणखी एक मोजमाप गॅरेजवालेसुद्धा क्वचित करतात : मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर), दुसरी इंजिनाच्या कोऱ्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग बघा. प्रोग्रॅमिंगने ते सुधारत नाही.

"डॅशबोर्ड बघून काय कळणार?" हा तुमचा प्रश्न. बरंच कळतं. चावी ऑन केल्यावर, सेल न मारता, चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही तर ईसीयूला वीज किंवा अर्थ मिळत नाहीये : मेन रिले, फ्यूज, नाहीतर ती बारीक वायर. दिवा लागला, पण मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोनेक सेकंदांचा घूंऽ आवाज आला नाही, तर पंपाचा फ्यूज, रिले किंवा पंप. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत नवा आणायला जाण्याआधी. (आणि आणायचाच तर जुना खिशात घालून न्या. तिथे अस्सलही मिळतो आणि हुबेहूब दिसणाराही.) दिवाही लागतो, पंपही बोलतो आणि चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो, तर मात्र इमोबिलायझर. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. त्या आधी नाही.

आता पावसाळ्याचं बोलू, कारण पुण्यात या तक्रारी त्याच दिवसांत वाढतात. बॅटरी मुळात उतरली का? गाडी तीन आठवडे उभी होती म्हणून. आणि गाडी उभी होती म्हणूनच बॉनेटखाली उंदीर शिरला. इंजेक्टरच्या, क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय का ते ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरी तो निवांत कुरतडतो. मालकाला फक्त मेलेली बॅटरी दिसते. ती बदलली, सेल लागला, गाडी चालू नाही, आणि आळ आला बॅटरीवाल्यावर. बॉनेट उघडून टॉर्चने दोन मिनिटं बघितलं तर लेंड्या दिसतात. डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूची पानं ठेवणाऱ्यांना मी हसत नाही, पण त्यांच्या भरवशावर बघायचंही सोडू नये.

सीएनजीवाल्यांचं याच जातीचं दुखणं. बाहेरून बसवलेलं किट बहुधा पेट्रोलवरच चालू होतं आणि मग गॅसवर जातं. पेट्रोल मात्र लोक रिझर्व्हच्याही खाली ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. तळाशी चार थेंब असताना तो तापतो आणि एक दिवस अडकतो. त्यात किटचा फ्यूज बॅटरीजवळच असतो आणि टर्मिनल काढताना तोही हलतो. गॅससाठी अर्धा तास रांगेत उभं राहायची तयारी असते, पण पाच लिटर पेट्रोल टाकायचं जिवावर येतं, हे मला कधी समजलेलं नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य जाता जाता आलंय, "गाडीला बाहेरून सेंट्रल लॉकिंगचं रिमोट बसवलेलं आहे". मला विचाराल तर तुमच्या गाडीचं उत्तर तिथे असण्याची शक्यता चांगली आहे. अशा रिमोटबरोबर बाहेरून बसवलेल्या अलार्मपैकी काही, वीज परत आली की 'चोरी चालू आहे' असं समजूनच जागे होतात आणि पंपाचा किंवा इग्निशनचा पुरवठा तोडून ठेवतात. रिमोटने एकदा लॉक-अनलॉक केलं की सुटतात. सर्व्हिस सेंटरच्या पोराने गाडी ताब्यात घेतल्यावर पहिलं काय केलं असेल? रिमोट दाबला असेल.

पुन्हा बॅटरी काढण्याला माझा विरोध का, तेही सांगतो. ईसीयूत साठलेले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) त्याने बहुतेक गाड्यांत पुसले जातात. सेल मारून झाल्यावर क्रँक सेन्सरचा पी०३३५ किंवा पंपाच्या सर्किटचा पी०२३० तिथे नोंदलेला असू शकतो. साध्या ब्लूटूथ डोंगलने तो फोनवर वाचता येतो. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना तर ओबीडी-२ (असे कोड नोंदवणारी आणि वाचू देणारी यंत्रणा) आहेच. कोड आधी वाचा, मग काय ते काढा. मेमरी सेव्हर, म्हणजे बॅटरी काढलेली असताना लायटरच्या सॉकेटमधून गाडीला वीज देणारं उपकरण, लावा असंही तुम्ही सुचवलंत. बऱ्याच गाड्यांत चावी काढली की लायटरचा सॉकेट बंद होतो, मग त्यातून जाणार काय? आणि चालू राहिला तर सुटलेली पॉझिटिव्ह केबल जिवंत असते. बॉडीला टेकली की ठिणगी.

दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, याला तुम्ही वेळकाढूपणा म्हणालात. स्टार्टर तापतो हे एक. शिवाय ठिणगी नसताना सेल मारत राहिलं तर कच्चं पेट्रोल सायलेन्सरकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जातं, आणि त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच सेकंद सेल मारा. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या तेव्हा पेट्रोल बंद करून नुसती हवा ओढतात.

शोरूमचं म्हणाल तर वॉरंटीतली गाडी, हायब्रिड, किंवा बॅटरी उलटी लागून मोठी ठिणगी उडालेली गाडी असेल तर पाना बाजूला ठेवून तिथेच न्यावी. उलट्या बॅटरीने ईसीयू खरोखर जातो. बाकीच्यांनी टो व्हॅनला फोन करण्याआधी वरच्या गोष्टी बघायला हरकत नसावी.

राहिलं तुमचं प्रोग्रॅमिंग. सर्व्हिस सेंटरला तुम्ही एकच चावी दिली होती, असं तुम्हीच लिहिलंय. दुसरी कपाटात असेल. ती लावून गाडी चालू करून बघा. चालू झाली, तर इमोबिलायझर तिला विसरलेला नव्हता, कारण त्या चावीला नव्याने कुणी शिकवलंच नाही. मग बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि प्रोग्रॅमिंग नक्की कशाचं केलं ते विचारा. नाही चालू झाली, तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण काही गाड्यांत नवीन नोंद करताना समोर नसलेल्या चाव्या यादीतून काढल्या जातात. पण तसं असेल तर ती चावी आत्ताच नोंदवून घ्या, पहिली हरवल्यावर नको. काय झालं ते इथेच कळवा.