नागपुरात बसून समुद्र कसा बुजवावा

महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असं आपण शाळेत पाठ केलं. त्यातला वीतभरही विदर्भाच्या वाट्याला आला नाही. दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत विकासाचे अनुशेष मोजून झाले, पण किनाऱ्याचा अनुशेष काढायचं कोणाला सुचलं नाही. मुंबईच्या माणसाने पिशवी भिरकावली की ती सरळ अरबी समुद्रात. आपण भिरकावली तर फार फार तर शेजाऱ्याच्या अंगणात. समुद्राच्या नासाडीत नागपूरकराचा काहीच हातभार नाही, ही खंत मलाही होती. गेल्या रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी तर्री पोहे बांधून घेऊन स्कूटरवर घरी चाललो होतो. नाग नदीच्या पुलावर (कोणत्या ते सांगत नाही, सगळ्यांची गत सारखीच) पुढची पांढरी कार अचानक थांबली. इंडिकेटर देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आतून एक सद्गृहस्थ उतरले. कपाळाला ताजं गंध, हातात टम्म फुगलेली काळी पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी पायातली चप्पल काढली, नदीला नमस्कार केला आणि पन्नी फेकली. पुलाच्या कठड्यावर उंच जाळी लावलेली आहे. पन्नी जाळीवर आपटली, फुटली आणि आठ-दहा दिवसांचं देवघर माझ्या अंगावर आलं. सडका झेंडू, तेलकट वाती, हळदीचं पाणी, उदबत्तीचे रिकामे पुडे, कापराची डबी.

"सॉरी काका," म्हणत त्याने उरलंसुरलं गोळा केलं, कोणीतरी आधीच कापून ठेवलेलं जाळीतलं भगदाड शोधलं, आणि या वेळी नेम चुकला नाही.

"अहो, नदी आहे ना ती!" मी म्हटलं.

"नदी? नाला आहे काका तो. अन् तिथं राहते थोडीच? वाहून जाते नं. काऊन टेन्शन घेता?"

वाहून जाते. घरी आलो, आंघोळ केली आणि नकाशा घेऊन बसलो. वाहून जाते तर जाते कुठं?

आणि राजेहो, छाती अभिमानाने फुगली! लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेली, आपल्या शहराला नाव देणारी नाग नदी गावातून सुमारे 17 किलोमीटर वाहते, पुढे पिवळी नदीला सोबत घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. तिथून गोसीखुर्दचं धरण. मग वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत, गोदावरी राजमहेंद्रीवरून थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या दारापासून समुद्रापर्यंत सलग, फुकट, टोल नसलेला रस्ता आहे. तिकडून नाशिकवाल्यांचा माल गोदावरीतून येतोच. दोघांची गाठ सिरोंच्याला पडते. विदर्भाला महाराष्ट्राशी जोडणाऱ्या नागपूर कराराने जे जुळलं नाही ते पन्नीने जुळवलं.

तेव्हा ज्यांना अजून वाटतं की आपल्याकडून समुद्राचं काही वाकडं होणार नाही, त्यांच्यासाठी या काही सूचना.

निर्माल्य नेहमी प्लॅस्टिकच्या पिशवीतच बांधा, आणि गाठ पक्की मारा. गाठ सैल राहिली तर फुलं पाण्यात सुटतात, कुजतात, मातीला मिळतात, म्हणजे सगळी मेहनत वाया. पक्क्या गाठीत हवा कोंडते, पन्नी होडीसारखी तरंगते आणि पुलाच्या खांबाला न अडकता पुढे जाते. पुलाजवळ निर्माल्य कलश ठेवलेला असला तर त्याकडे बघूही नका. देवाला कलशातलं चालत नाही, गटारातलं चालतं.

अंगण झाडलं की कचरा नालीत. घंटागाडीची वाट पाहणं हे दुबळ्या माणसाचं लक्षण आहे.

आता खर्रा. या विषयावर नागपूरकराला कोणी सल्ला द्यावा इतकी कोणाची लायकी नाही, पण तरी पद्धत सांगून ठेवतो. पानठेल्यावर जायचं, "एक घोट भाऊ" म्हणायचं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर पडतो, घोटला जातो, वर रबर चढतो. तोंडात टाकला की पन्नी आणि रबर जिथे उभे आहात तिथेच सोडायचे. खिशात ठेवायचे नाहीत, पँट खराब होते. ठेल्याखालच्या डब्यात टाकायचे नाहीत, वाकावं लागतं. दिवसाला चार खर्रे खाणारा साधा, सज्जन, बायकोला घाबरणारा माणूस वर्षाला 1,460 पन्न्या सोडतो. एकटा. आणि चारवर थांबणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. बाटली असती तर कचरा वेचणाऱ्या बाईने उचलली असती, कारण बाटलीला भंगारात भाव आहे. या पन्नीला भाव नाही, वजन नाही, ती कोणी उचलत नाही. त्यामुळे तिचा प्रवास अखंड. राज्यात 23 जून 2018 पासून प्लॅस्टिकबंदी अमलात आली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. सुगंधित तंबाखूवर बंदी त्याच्याही आधीची. म्हणजे बंदी असलेली वस्तू बंदी असलेल्या वस्तूत गुंडाळून, भर चौकात, खाकी वर्दीसमोर विकायची आणि वर्दीनेही एक मागायची. पाच हजार सोडा, पाच रुपये भरलेला माणूस दाखवा. गाई ती पन्नी खातात, कारण तिला सुपारीचा वास असतो. मग त्याच गाईला आपण पोळी घालतो आणि नमस्कार करतो. काय म्हणायचं? आणि मग पाऊस येतो, नाली तुंबते, गुडघाभर पाण्यात उभे राहून, गालात खर्रा धरून, आपणच ओरडतो, "प्रशासन झोपलं आहे काय बे?" 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते? अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये आली. पाऊस प्रचंड होता, नदीत बांधकामं होती, सगळं पाप पन्नीचं नाही, कबूल. पण पाणी ओसरल्यावर माझ्या मावसभावाच्या दिवाणाखालून जो गाळ निघाला, त्यात मी स्वतः फावडं घातलं आहे. फावड्याला माती लागत नव्हती. नुसत्या पन्न्या सुटून येत होत्या, ओल्या गोधडीसारख्या, एकीला एक चिकटलेल्या. भाऊ म्हणाला, "दादा, हे माझं नाही." मला माहीत होतं, त्याचं नव्हतंच.

असो. सूचना चालू होत्या.

पावसाळ्याआधी नालेसफाई होते, तेव्हा कंत्राटदाराला सहकार्य करा. तो गाळ काढून नालीच्या काठावर वाळत घालतो. पहिल्या सरीत गाळ आपल्या घरी परत जातो. मध्ये बोलू नका.

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जवळपास दोन हजार कोटींची योजना आहे, हे वाक्य तोंडपाठ ठेवा. ते सांडपाण्याचे प्रकल्प आहेत, तुमची पिशवी उचलायला कोणी येणार नाही, हे मात्र विसरून जा.

समुद्र प्रत्यक्ष बघायची हौस असेल तर समृद्धी महामार्ग आहेच, 701 किलोमीटर, मध्ये चिवड्याची पाकिटं सोडत सोडत. मुंबईला पोचलात की मरीन ड्राइव्हवर उभे राहा. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला समुद्र आपल्याला दिलेलं सगळं उचलून परत रस्त्यावर टाकतो. इतका स्वाभिमान आपल्या नाग नदीला नाही. तिथे नाकाला रुमाल लावून म्हणा, "किती घाण करतात हे लोक!" मग हातातली बाटली कठड्यावर ठेवा. टाकायची नाही, ठेवायची. वाऱ्याने पडली तर आपला दोष नाही. आणि काळजी तर अजिबात नको. वर्सोव्याला अफरोज शाह नावाच्या वकिलाने 2015 मध्ये किनारा झाडायला घेतला, लोक जोडले गेले, ट्रकच्या ट्रक कचरा निघाला, 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. म्हणजे झाडणारा कोणीतरी मिळतोच. आपण आपलं काम करत राहायचं.

आता या रस्त्यात थोडी गळती आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपला सगळा माल उपसागरापर्यंत पोचत नाही. बराचसा कन्हानच्या काठावरच्या बाभळींना लटकतो, बराचसा गोसीखुर्दच्या पाण्यात बसतो. तिथे ढिवर बांधव पहाटे जाळं ओढतात आणि मासोळीच्या आधी आपली पन्नी वर येते. तेवढंच त्यांना नागपूरचं दर्शन. पण जे निसटतं ते नेटाने जातं. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी आहे. त्यातल्या कितीतरी झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, आणि पन्नी बरोबर त्यांच्यावर जाऊन बसते. आंध्रच्या त्याच किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी पन्नी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळतं. 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, एका वर्षात जगभरच्या किनाऱ्यांलगतच्या भागातून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं. ते किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचंच. आपण त्या हिशेबात नाहीच. बघा, इथेही विदर्भावर अन्याय.

पण समुद्र कृतघ्न नाही. उन्हात, लाटांत पन्नी कडक होते, तुकडे होतात, तुकड्यांचे तुकडे होतात, पाच मिलिमीटरहून बारीक, मग डोळ्यालाही दिसत नाहीत. संपत मात्र नाहीत. 2018 मध्ये आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना बाजारातल्या मिठात असे कण सापडले. मीठ कुठून येतं, ते तर माहीत आहे ना? आपल्या सावजी रश्श्यात ते चिमूटभर पडतं. नागपूरला समुद्र नाही असं कोण म्हणतं!

त्या माणसाला मी हे काहीच सांगितलं नाही. अंगावर झेंडू घेऊन उभा होतो, मागे हॉर्न वाजत होते आणि मला काका म्हणून तो निघूनही गेला. आता सांगतो. अरे बाबा, तू चप्पल काढून नमस्कार केलास. नाल्याला कोणी नमस्कार करतं का? म्हणजे तुला ठाऊक होतं ती नदी आहे. ठाऊक असून टाकलंस. अडाणी माणसाला माफ करता येतं, तुला कसं करायचं? घरात मूठभर फुलं झाडाच्या आळ्यात टाकायला कुंडी नाही? कापराची डबी कचऱ्यात टाकली तर देव कोपणार आहे? आणि ज्याने ती जाळी कापली, त्याने घरून पक्कड आणली असेल ना. घाण टाकता यावी म्हणून पक्कड घेऊन पुलावर येणारी माणसं आहोत आपण. मीसुद्धा. मी त्या दिवशी मुकाट्याने स्कूटर सुरू केली, आणि मांडीवरचे पोहे ज्या पन्नीत बांधले होते ती घरी येऊन नेहमीच्याच डब्यात टाकली, ओला-सुका न बघता. पुढच्या वेळी डबा घेऊन जाईन, असं गेली चार वर्षं म्हणतो आहे.

शर्ट दोनदा धुतला. हळदीचा डाग अजून तसाच आहे.