तीन नंबरचा बावटा

ऑगस्टचा दुसरा आठवडा, संध्याकाळचे साडेसहा, आणि रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीला बोटी इतक्या चिकटून उभ्या की पहिलीवर चढावं आणि पाण्याकडे न बघता दहावीवरून उतरावं. ३१ जुलैला बंदी संपली, नारळ वाहून झाले, डिझेल-बर्फ भरून झाला आणि बंदरावर लागला तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा. हवामान खात्याचा निरोप रोज तोच: ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा, मध्येच ६५ पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आज चौथा दिवस. कट्ट्यावर दुसरा विषय कुठला निघणार?

तोंड नाखव्याने फोडलं. त्याने विडी काढली, काडी ओढली, एका काडीत पेटवली आणि ते जळतं टोक आम्हा सगळ्यांपुढे पुरावा म्हणून धरला. "हा बघा तुमचा पंचावन्न किलोमीटर वारा."

"रत्नदुर्गाच्या डोंगरामागे बसून विडी पेटवतोस आणि वारा मोजतोस?" कॅप्टन म्हणाला. हा आमचा कॅप्टन कॅप्टन नाही, टँकरवर सेकंड ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर. पण कट्ट्यावर बढती लवकर मिळते. "वारा नैऋत्येचा. डोंगर ओलांडून पाच मैल बाहेर जा आणि मग काडी ओढ."

"पण तीनच नंबर ना? अकरापर्यंत असतात. अकरापैकी तीन म्हणजे नापास."

मलाही आजवर तसंच वाटायचं, हे कबूल करतो. मी बँकेतला माणूस, आकडा मोठा तर रक्कम मोठी. कॅप्टनने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि आमची शाळा घेतली. एक आणि दोन म्हणजे गडबड लांब समुद्रात आहे, बंदराला सध्या काही नाही. तीन म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका खुद्द या बंदरालाच. चार म्हणजे वादळाचं सावट बंदरावर, पण अजून धोक्याचा इशारा देण्याइतकं नाही. खरी मजा पुढे. पाच, सहा आणि सात यांत धोका सारखाच. फरक एवढाच की वादळ बंदराच्या कुठल्या बाजूने जाणार, की थेट अंगावर येणार. आठ, नऊ, दहा हे त्याचंच थोरलं भावंड. "म्हणजे पाचापेक्षा सहा वाईट असं काही नाही. बाजू बदलली फक्त. हे मार्क नव्हेत, नाखवा."

"आणि बावटा बावटा म्हणतात, पण मी जन्मात कधी तिथे कापड बघितलं नाही," चहावाले काका म्हणाले. बरोबरच आहे. दिवसा काळे शंकू आणि पिंपासारखे आकार टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. नाव मात्र बावटाच.

नाखव्याचा राग नंबरावर नव्हताच मुळी. तो हळूहळू बाहेर आला. "२०१९ ची दिवाळी आठव. क्यार येणार, क्यार येणार. आम्ही बोटी ओढल्या, खलाश्यांना बसून पोसलं. आलं काय? पाऊस. कंदील भिजले."

"शेतातलं भात आडवं झालं ते?"

"ते झालं. पण वादळ आलं का?"

कॅप्टनने कपाळाला हात लावला. २५ ऑक्टोबरच्या सुमाराला तेच क्यार आपल्यासमोरच्या समुद्रात घोळत होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते सुपर सायक्लोन झालं, २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच, वारा ताशी दोनशेच्या वर. मग ओमानच्या दिशेने गेलं आणि पाण्यातच विरलं. "वादळ आलं होतं रे. तुझ्या दारात आलं नाही एवढंच. इशारा दाराला नव्हता, पाण्याला होता." त्या दिवाळीत गॅलरीत उभं राहून "फुसकं निघालं" असं मीही म्हणालो होतो. म्हणून गप्प बसलो.

एवढ्यात नाखव्याचा भाचा मोबाईल नाचवत आला. त्याच्याकडे विंडी हे हवामानाचं ॲप आहे, त्यामुळे त्याला कोणाचीच गरज नाही. "मामा, रात्री फक्त अठ्ठावीस दाखवतोय. आणि वादळ तर नकाशात कुठेच नाही. मग वारा कशाचा?"

"अठ्ठावीस हा सरासरी वारा. झोताचा आकडा वेगळा असतो, तो लाव." लावला. एकसष्ट. पोरगा थोडा खाली बसला. "६५ म्हणजे पस्तीस नॉट," कॅप्टन सांगत होता, "आमच्याकडे चौतीसपासून गेल, म्हणजे वादळी वारा, धरतात. वारा दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो. आणि लाटेचा आकडा साडेतीन मीटर आहे ना? ती सगळ्यांत मोठी लाट नव्हे. मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. त्यातली एखादी जवळजवळ दुप्पट उठते, आणि ती सांगून येत नाही."

वादळाशिवाय वारा कशाचा, याचं उत्तर त्याने जहाजावरून दिलं. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ सहसा होतच नाही. वरचा आणि खालचा वारा एकमेकांशी इतका फटकून वाहतो की ते उभंच राहत नाही. ती मे-जूनची आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची कामं. पण सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघणारा मान्सूनचा झोत सोकोत्रा बेटाजवळ नुसत्या आपल्या जोरावर गेल होतो. "जुलैत तिकडून गेलो की मेसमध्ये टेबलक्लॉथ ओला करून अंथरतात, ताटं घसरू नयेत म्हणून. दहा दहा दिवस. वादळाचं नाव नाही, गाव नाही. त्याच लाटा चालत इकडे येतात."

"तुमचं जहाज केवढं, आमची बोट केवढी," नाखवा म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "फयान वादळाच्या वेळी कुणी सांगितलं होतं आम्हाला? २००९, नोव्हेंबर. बोटी बाहेर होत्या. मोबाईलला बारा मैलांवर रेंज नाही. परत आले ते आले."

यावर कोणी बोललं नाही. मिरकरवाड्यात फयानचा विषय निघाला की असंच होतं. काकांनी उगाच पातेलं हलवलं.

भाच्याने ओखी वादळाची गोष्ट काढली. ३० नोव्हेंबर २०१७ ला ते काही तासांत चक्रीवादळ झालं, तेव्हा कन्याकुमारीकडचे लोक आधीच खोल समुद्रात होते. त्यांतल्या कितीतरी बोटी भरकटत वर देवगडला आल्या. मग २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र काढलं, उपग्रहावरून इशारा थेट बोटीवरच्या मोबाईलवर.

"पण त्यातून आपल्याला बोलता येतं का?"

"नाही. फक्त ऐकायचं."

"म्हणजे मी," काका म्हणाले. काकू आतून बघत होत्या.

"इशारा मिळाला म्हणजे झालं असंही नाही," मी शेवटी तोंड उघडलं. तौक्ते वादळाच्या वेळी इशारा काही दिवस आधीच होता. तरी कामगारांचा पी-३०५ बार्ज बॉम्बे हायच्या समुद्री तेलक्षेत्रात नांगरावर राहिला, २६१ माणसांसह. १७ मे २०२१ ला नांगर तुटले, बार्ज बुडाला, सत्तरहून अधिक माणसं गेली. तिथे आकडे वाचता येणारे कमी नव्हते.

"मग मला कशाला शिकवता?" नाखवा उसळला. आणि त्याचं एक म्हणणं मला पटलं, अजूनही पटतं. पंधरा मीटरच्या ट्रॉलरला आणि दोन माणसांच्या होडीला निरोप एकच. जाऊ नका. किती वाव खोलीपर्यंत, कधीपर्यंत, हे त्यात त्याला सापडत नाही. आणि चार दिवस खलाश्यांना बसून पोसायचं ते त्याच्या खिशातून. कॅप्टनचा पगार महिन्याचा येतो, बावटा असो नसो. हे त्याला ऐकवलं तर त्याने मान्य केलं, पण लाटांचा आकडा बघ, असं पुन्हा म्हणालाच.

"आणि अकरा नंबर?" भाच्याने विचारलं. "तो राहिला."

"अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्क तुटला. पुढचं काही सांगता येत नाही."

"मग काय करायचं?"

"तिथल्या माणसाने आभाळ बघायचं."

बोलता बोलता डोंगराच्या मिऱ्याकडच्या बाजूने एक झोत आला आणि काकांच्या ताडपत्रीने फाडकन आवाज केला. नाखव्याने विडी विझवली. भाच्याला म्हणाला, "चल, पुढच्या बाजूला अजून एक दोर टाकू. ती शेजारची बोट कालपासून घासतेय."

त्याच्या चहाचे पैसे मी दिले.