तिरुनल्लारवर उपग्रह थांबतात म्हणे!

"तिरुनल्लारच्या शनिमंदिरावरून जाताना प्रत्येक उपग्रह ३ सेकंद थांबतो. शनीचे अतिनील किरण थेट मंदिरावर पडतात, पेयर्चीच्या (शनीच्या राशीबदलाच्या) दिवशी सर्वाधिक. नासाही चक्रावली." फॅमिली ग्रुपवर हा निरोप पुन्हा पुन्हा येतो. तिरुनल्लार हे पुदुच्चेरीच्या कारैकल जिल्ह्यातलं गाव.

आधी थांबण्याचं बघू. ४०० किमी उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.७ किमी धावतो आणि या वेगामुळेच वर टिकतो. तो थांबवायला तेवढा वेग मारावा लागेल, नंतर तेवढाच पुन्हा द्यावा लागेल. त्याच्या टाकीत इंधन असतं ते कक्षा किंचित सुधारण्यापुरतं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किमीवर, सेकंदाला ३.९ किमी वेगाने फिरतात. त्यातला एक ३ सेकंद थबकला, तर तो हिशेबातल्या जागेपासून जवळपास १२ किमी मागे पडेल. मग जीपीएसवर होड्या नेणाऱ्या, शेजारच्या कारैकल बंदरातल्या मच्छीमारांनाच ते आधी कळेल! टीव्हीचे भूस्थिर उपग्रह आपल्याला कायम थांबलेलेच दिसतात, पण ते विषुववृत्तावर असतात. तिरुनल्लार सुमारे ११ अंश उत्तरेला, म्हणजे त्यातला एकही मंदिराच्या डोक्यावर नसतो.

किरणांचं म्हणाल तर शनी जवळ आला तरी सुमारे १२० कोटी किमी दूर असतो. त्याचा उजेड म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. एवढ्या लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्या क्षणी पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागातून शनी दिसतो, त्या सगळ्या भागावर ते पडतात. एक गाव निवडून नाही.

पेयर्चीचा मुद्दा सर्वांत गमतीचा. पेयर्ची म्हणजे शनीचं राश्यंतर, साधारण अडीच वर्षांनी येणारं. आपली साडेसाती अशा तीन राशींची. शनीने कुंभेत प्रवेश केला तो दृक्गणितानुसार, म्हणजे ग्रहांच्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी जुळणाऱ्या गणितानुसार, १७ जानेवारी २०२३ ला, आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांतही तोच. तिरुनल्लारला मात्र वाक्य पंचांग, म्हणजे जुन्या पारंपरिक सूत्रांवरचं पंचांग चालतं, म्हणून तिथली पेयर्ची २० डिसेंबर २०२३ ला झाली. अकरा महिन्यांचा फरक. किरण नेमके कोणत्या दिवशी वाढले? पंचांगाची परंपरा पाळणं वेगळं आणि त्या तारखेला आकाशात काही घडतं असं सांगणं वेगळं.

आणि 'शनिमंदिर' हेही अर्धंच खरं. मूळ देऊळ दर्भारण्येश्वराचं, म्हणजे शंकराचं. शनीचं स्थान प्रवेशाजवळच्या कोनाड्यात. नळराजाची शनिपीडा इथे सुटली अशी श्रद्धा, म्हणून भाविक नळतीर्थात स्नान करून दर्शनाला जातात. त्यात उपग्रह कुठेच नाही.