शंटमुळे पोट बिघडते म्हणून शंट नको? एका संदेशाचा प्रतिवाद

मेंदूत साचणारे पाणी पोटात सोडण्यासाठी बसवल्या जाणाऱ्या नळीविषयी, म्हणजे शंटविषयी, एक संदेश नागपुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की हे पाणी पोटात साचून जलोदर होतो, नळी आतडे फाडते, तिचे टोक बाहेर दिसले तर ते हळूच ओढून काढावे आणि औषधाने पाणी आटत असताना शस्त्रक्रिया करूच नये. गडचिरोली, गोंदिया किंवा बालाघाटहून मेडिकल, मेयो वा धंतोलीतील रुग्णालयांत मूल घेऊन येणाऱ्या आईवडिलांचा निर्णय अशा मजकुरावर ठरू नये, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिला मुद्दा जलोदराचा. मेंदूभोवतीचा द्रव प्रौढ माणसात दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो, बाळात त्याहून पुष्कळ कमी. पोटाच्या पोकळीचे अस्तर एवढा द्रव सहज शोषून रक्तात परत पाठवते. पोटातून केले जाणारे डायलिसिसही याच अस्तराच्या भरवशावर चालते. क्वचित हे शोषण बिघडते आणि नळीच्या टोकाभोवती द्रवाची पिशवी तयार होते किंवा पोटभर पाणी साचते. पोट फुगणे, दुखणे, हाताला गोळा लागणे ही त्याची लक्षणे असून सोनोग्राफीत ती पिशवी स्पष्ट दिसते. अशा पिशवीमागे अनेकदा नळीतील जंतुसंसर्ग असतो, त्यामुळे नुसते पाणी काढून भागत नाही. नळीचे खालचे टोक काही काळ शरीराबाहेर ठेवून द्रवाची तपासणी करतात, संसर्ग असल्यास प्रतिजैविके देतात आणि द्रव निर्जंतुक झाल्यावर नळी पोटात दुसऱ्या जागी, तेही शक्य नसेल तर हृदयाच्या कप्प्यात किंवा छातीच्या पोकळीत बसवतात. लहान मुलग्यांमध्ये अंडकोशाकडे जाणारा जन्मजात मार्ग उघडा असल्यास तेथे पाणी उतरते किंवा हर्निया होतो. तो दुरुस्त करता येतो आणि त्यासाठी सहसा शंट काढावा लागत नाही.

आतड्याला छिद्र पडते, हे विधान खोटे नाही. मात्र हा प्रकार शंट बसवलेल्या शंभरांत एकापेक्षाही कमी जणांत आढळतो, आणि संदेशात जे सांगितलेले नाही तेच येथे अधिक महत्त्वाचे आहे. नळीभोवती हळूहळू तंतुमय आवरण तयार होत असल्यामुळे छिद्र पडूनही अनेकांचे पोट फारसे दुखत नाही. पहिली खूण कधी ताप आणि मेंदूज्वर ही असते, तर कधी नळीचे टोक थेट गुदद्वारातून डोकावते. अशा वेळी ती घरी ओढणे म्हणजे आतड्याला आणखी इजा करण्याचा, नळी आतच तुटण्याचा आणि आतड्यातले जंतू मेंदूपर्यंत पोहोचवण्याचा धोका पत्करणे होय. रुग्णालयात सर्जन नळी आधी वरच्या बाजूला तोडून वेगळी करतात आणि मगच दूषित तुकडा खालून बाहेर काढतात. घरच्या ओढण्यात हा क्रमच नसतो. टोक दिसले तर ते ओढू नये, कापू नये, आत ढकलू नये. स्वच्छ गॉझने झाकून, शौच झाले असले तरी वाट न पाहता, त्याच दिवशी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात जावे.

औषधाने पाणी आटते, या दाव्याबद्दल मला सर्वाधिक चिंता वाटते, कारण त्यावर विश्वास ठेवून वेळ जातो आणि दाबाखालच्या मेंदूचे नुकसान थांबत नाही. क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या काही निवडक परिस्थितींत तज्ज्ञ काही काळ औषधांनी दाब सांभाळतात, हे खरे. परंतु मेंदूतील रक्तस्रावानंतर पाणी साचलेल्या बाळांना असेटाझोलामाइड आणि फ्युरोसेमाइड ही औषधे देऊन पाहणाऱ्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शंटची गरज टळली नाही, उलट परिणाम वाईट निघाले. काही रुग्णांना शंटऐवजी दुर्बिणीने मेंदूतच पाण्याला वाट करून देता येते. तीही शस्त्रक्रियाच आहे आणि ती कोणाला लागू पडेल हे एमआरआय पाहून ठरते.

संदेश पोटाच्या त्रासाची भीती घालतो, पण पोट आणि डोके यांचा संबंध मात्र सांगत नाही. पोटातील टोक अडले तर पाणी वर साचते, आणि मग उलटी, डोकेदुखी, झोपाळूपणा, बाळाची टाळू फुगणे ही लक्षणे दिसू लागतात. साध्या बद्धकोष्ठतेनेही पोटातील दाब वाढून निचरा मंदावू शकतो, म्हणून तिच्यावर वेळीच उपचार हवेत. नागपूरच्या मे महिन्यात उलटी आणि ग्लानी दिसली की ऊन लागले असे घरोघरी म्हटले जाते. शंट असलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. पोटदुखीसाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी शंट आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण त्यावरून सोनोग्राफीबरोबर डोक्याचा सीटी स्कॅन आणि संपूर्ण नळीचे एक्स-रे काढायचे का, हे ठरते. शस्त्रक्रियेची तारीख आणि शंटचा प्रकार लिहिलेले डिस्चार्ज कार्ड, तसेच तब्येत बरी असताना काढलेला जुना स्कॅन प्रवासातही सोबत ठेवावा. नव्या स्कॅनशी त्याची तुलना केल्याशिवाय मेंदूतील पोकळ्या वाढल्या आहेत की नाही, हे सांगणे कठीण असते.