जुनाट ऑफिसात गेलात तर प्रिंटरची रिबन बघा

उतरणीला लागलेल्या धंद्याच्या मुख्य ऑफिसात कामानिमित्त गेलेली माणसं बहुधा लिफ्टमध्येच निकाल देऊन मोकळी होतात. तपकिरी सनमायका, पिवळट पडलेलं फॉल्स सीलिंग, रिसेप्शनवर बटणांचा भलामोठा फोन. "संपलं यांचं!" त्यांना माल उधारीवर द्यायचा असो, कर्ज द्यायचं असो की तिथे नोकरी धरायची असो, हा निकाल घाईचा आहे. फर्निचर जुनं असलं म्हणून पैसे बुडत नाहीत. जुन्याची निगा राखायचं थांबलं की मात्र बुडायला लागतात, आणि तो फरक खुर्चीत बसल्या बसल्या दिसत नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचंच घ्या. त्याची टरटर ऐकून लोक हसतात. पण त्याच्या पिना शाईच्या रिबनवरून कागदावर आपटतात, म्हणून एकाच फटक्यात वरची प्रत आणि खालच्या दोन प्रती उमटतात. गोदाम, ड्रायव्हर आणि अकाउंट्स, तिघांच्या हातात तेच चलन. लेझरला हे जमत नाही, तो प्रत्येक प्रत वेगळी छापतो. तेव्हा प्रिंटर जुना आहे यात वावगं काही नाही. तिसरी प्रत मागून बघा. आकडे पुसट असतील आणि कुणीतरी ते पेनाने गिरवले असतील, तर रिबनसारखी किरकोळ खरेदीसुद्धा मंजुरीसाठी अडकून पडलीय असं समजा. ताळेबंदात हे यायला वर्ष लागेल.

कोपऱ्यातल्या विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरचंही तसंच. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, हे त्यांनाही माहीत असतं. पण एखादं महागडं मशीन कॉम्प्युटरमधल्या ज्या कार्डावर चालतं, त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो ठेवावा लागतो. नेटवर्कची वायर काढलेली असेल तर ठीक. त्यावरच ईमेल उघडत असतील तर काळजी करा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: हार्ड डिस्कची पूर्ण कॉपी आहे का, आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून चालवून पाहिलीय का? बॅकअप "आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात. बॅकअपच्या टेपांनी भरलेलं कपाट असतं, पण त्या वाचणारा ड्राइव्ह भंगारात गेलेला असतो. एलटीओ या बॅकअप टेपांच्या प्रकारात पिढ्या असतात: एलटीओ-8 चा ड्राइव्ह एलटीओ-7 आणि 8 एवढ्याच टेपा वाचतो, एलटीओ-6 ची टेप त्याला वाचता येत नाही.

फॅक्सवर आलेले करार असतील तर ते कुठल्या कागदावर आहेत ते पाहा. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णता आणि उजेडाने उडतात, प्लास्टिकच्या पाकिटात घातली तर कधी कधी आणखी लवकर. झेरॉक्स काढून ठेवली नसेल तर फाइलमध्ये कोरा कागद उरतो.

यूपीएसच्या बॅटऱ्यांवर तारीख असते. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं टिकते, आणि 25 अंशांच्या वर दर 8-10 अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. खर्च वाचवायला सर्व्हर रूमचा एसी रात्री बंद ठेवणारे इथेच फसतात. विजेची बचत होते, बॅटऱ्या फुगतात, आणि वीज गेली की यूपीएस मिनिटभरात मान टाकतो.

माणसांचा अंदाज फोनच्या एक्सटेन्शन यादीवरून येतो. किती नावांवर व्हाइटनर फासलाय, किती नावांसमोर एकच नंबर आहे. तीन विभागांचा फोन एकाच टेबलावर वाजत असेल तर तो माणूस आजारी पडल्यावर बिलं कोण काढतं, हे सरळ विचारावं.

उलट, सगळं ऑफिस कळकट आणि रिसेप्शन मात्र नवंकोरं चकाचक दिसलं तर मला जास्त धास्ती वाटते. तो खर्च बहुधा पाहुण्यांसाठी असतो, म्हणजे गुंतवणूकदार नाही तर जागेचा गिऱ्हाईक. अशा ठिकाणी इमारतीची किंमत धंद्यापेक्षा जास्त असू शकते. बोलणी मालाबद्दल चालली आहेत की भाड्याने द्यायच्या मजल्यांबद्दल, इकडे कान ठेवा.

नवं सुचलं नाही म्हणून असे धंदे बुडतात, हेही अर्धंच खरं. कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्याच इंजिनिअरने, स्टीव्हन सॅसनने, 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता. तरी 2012 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्मच्याच धंद्यातली फुजीफिल्म मात्र तगली. फिल्मच्या जिलेटिनमुळे कोलॅजनचं आणि रंग उडू नयेत म्हणून ऑक्सिडेशन रोखण्याचं ज्ञान तिच्याकडे होतं. ते तिने त्वचेच्या क्रीममध्ये वापरलं, 2007 मध्ये ॲस्टालिफ्ट आणलं. त्यामुळे जुन्या ऑफिसात विचारण्यासारखा सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: तुमच्या लोकांना येणारं असं काय आहे, जे दुसऱ्या धंद्यात विकलं जाईल? याचं उत्तर साहेबांच्या केबिनपेक्षा प्रयोगशाळेत किंवा मेंटेनन्सच्या खोलीत लवकर मिळतं.

निघताना लिफ्ट टाळून जिन्याने उतरा. बंद मजले, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, सगळं दिसेल. जिन्यातले दिवे लागत असतील आणि अग्निशामक सिलिंडरच्या टॅगवर यंदाच्या तपासणीची तारीख असेल, तर सनमायका कितीही जुना असो, तीस दिवसांची उधारी द्यायला माझी हरकत नाही.